तोंडात लवंग, हात मागे

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर थोरलीने सांगितलं की तिने पुढच्या शिक्षणासाठी ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन हा विषय घेतला आहे. लगेच म्हणाली, "जाऊ दे आजी, तुला समजावून सांगायला फार वेळ लागेल." मला राग आला नाही. उत्तर मात्र द्यायचं राहिलं, कारण तेवढ्यात माझ्या हातून काहीतरी दाबलं गेलं आणि तुम्ही सगळे पडद्यावरून नाहीसे झालात. ते उत्तर आता सावकाश लिहिते.

माणसाचं यंत्राशी कसं जमतं, हा विषय मला चांगला माहीत आहे. त्यातले प्रयोग वर्षानुवर्षं माझ्यावरच झाले आहेत.

पालघर आणि बोईसरच्या मध्ये ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते, तिथे एका वर्षी हजेरीचं नवीन यंत्र बसवलं. अंगठा टेकवला की इतरांना हिरवा दिवा दिसायचा आणि मला लाल. एका सकाळी मी अशीच पुन्हा पुन्हा अंगठा टेकवत उभी होते आणि माझ्या मागे एक नवीन बाई उभी होती. चाळिशीच्या आतली, सुती पंजाबी ड्रेस, खांद्यावर भलीमोठी पिशवी. दोन्ही हात पाठीमागे गुंफलेले, गालात काहीतरी धरलेलं, आणि नजर माझ्या अंगठ्यावर.

"मदत करणार आहात, की नुसतं बघणार?" मी विचारलं.

तिने मान हलवून मला चालू ठेवायला सांगितलं. मी चालू ठेवलं, पण आता चिडून. शेवटी एकदाचा हिरवा दिवा लागला. तेव्हा तिने तोंडातली लवंग काढून रुमालात ठेवली आणि म्हणाली, "बाई, तुमचा अंगठा अगदी बरोबर आहे. यंत्र बावळट आहे. ज्याने हे भिंतीवर ठोकलं तो ताडमाड उंच होता. तुम्ही टाचा उंचावता, मग अंगठा तिरका पडतो."

संगणक विभागात नव्याने आलेल्या असोसिएट प्रोफेसरबाई त्या ह्याच. यंत्र खाली घ्यायला भिंतीला पुन्हा भोकं पाडावी लागतील म्हणून प्राचार्यांनी नकार दिला. दुसऱ्या दिवशी ही घरून चक्क लाकडी पाट घेऊन आली. पुढची कितीतरी वर्षं आम्ही बुटक्या शिक्षिका त्या पाटावर चढून हजेरी देत होतो. लग्नात अंतरपाटाआड उभं राहिल्यासारखं वाटायचं.

तिची दुसरी तक्रार हात धुण्याच्या जागेवरच्या नळाची होती. गोल, गुळगुळीत, चकचकीत मूठ. साबणाच्या हाताने ती फिरायची नाही. त्या नळाबद्दल ती प्रत्येक सभेत बोलायची आणि प्रत्येक सभेत प्राचार्य "पुढचा विषय" म्हणायचे.

लवंगेचं कारण तिने मला नंतर सांगितलं. "माणूस अडखळताना दिसला की माझी जीभ वळवळते. 'अहो, ते नाही, हे दाबा' असं एकदा तोंडातून गेलं की सगळं संपलं. मग तो स्वतः काय करतो ते कळतच नाही, माझं किती ऐकतो तेवढंच कळतं. लवंग तिखट असते. जीभ तिच्याशी भांडत बसते."

"आणि हात?"

"हात तर जिभेच्याही आधी पोचतात, बाई."

तुमच्या आजोबांना ती फार आवडायची, आणि त्यांना तिचा तितकाच वैतागही यायचा. आमच्याकडे नवं वॉशिंग मशीन आलं, त्या दिवशी ती नेमकी पोहे खायला आली होती. मी चादरी आत टाकल्या आणि बटणं दाबू लागले. पाणी चढत गेलं. मशीन फिरेना. आजोबा उठले, तर तिने हाताने त्यांना खाली बसवलं, लवंग गालात सरकवली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"अहो, चादरी आहेत आत! पाणी वर येतंय!" आजोबा म्हणाले.

ती ढिम्म.

"ही बाई घर बुडवेल, पण बोलायची नाही!"

शेवटी वैतागून मी झाकण आपटलं आणि मशीन फिरायला लागलं. झाकण नीट बसलंच नव्हतं. एवढ्या बटणांमधलं एकही ते सांगायला तयार नव्हतं. तिला इतका आनंद झाला की थंड झालेले पोहे तिने उभ्यानेच संपवले.

आता तिच्या शिक्षणाबद्दल. वडील साताऱ्याकडून तारापूरच्या एका कारखान्यात नोकरीला आलेले, त्यामुळे बालपण सगळं बोईसरच्या चाळीत. पुढे मुंबईतल्या मोठ्या संस्थेत डॉक्टरेट, दोन वर्षं परदेशात. सगळ्यांना वाटलं की ही आता तिकडचीच झाली. ती परत आली आणि घराजवळच्या आमच्याच कॉलेजात नोकरी धरली. कुणी कारण विचारलं की म्हणायची, "तिथल्या लोकांचे हात कोरडे असतात. कोरड्या हातांचा अभ्यास पुष्कळांनी केला आहे."

तिचे शोधनिबंध छापायला जाण्याआधी माझ्याकडे यायचे. इंग्रजी तपासायचं काम माझं, आणि मी ते नीट लाल शाईने करत असे. एकदा मी तिच्या एका लांबलचक वाक्याच्या जागी सुटसुटीत लिहिलं की वापरणाऱ्याला बटण सापडलं नाही, तो चुकला. कागद परत आला तेव्हा माझ्या लाल शाईवर तिची निळी रेघ होती.

"वाक्य तुमचं छान आहे, बाई. पण तो चुकला नाही."

"बटण समोर होतं ना?"

"माझ्या समोर होतं. त्याच्या नव्हतं."

तिच्या विभागप्रमुखांना हे काही पटायचं नाही. ते विचारायचे, "मॅडम, तुमच्या या सगळ्या कामात कोड किती ओळींचा असतो?" ती सांगायची, "जमेल तितका कमी." मग ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "म्हणजे हे तुमच्या विभागातलं काम झालं." त्यांना वाटायचं की हा टोमणा आहे. आम्हा दोघींना ती शाबासकी वाटायची.

तिच्या प्रयोगशाळेला वास यायला लागला तो बोंबिलांमुळे. किनाऱ्याजवळ, जिथवर मोबाईलला रेंज असते तिथवर, होडी अडचणीत आली तर एका दाबात मदतीचा निरोप जावा, असं काहीतरी तिला बनवायचं होतं. मासळीच्या ओल्या, बुळबुळीत हातांनी फोनचा पडदा चालत नाही. म्हणून तिने फोनसाठी रबरी कवच बनवलं आणि त्याच्या कडेला एक जाड बटण बसवलं. ते दाबून धरायचं. फोन एकदा थरथरतो, धरूनच ठेवायचं, दुसऱ्यांदा थरथरला की निरोप गेला.

याची परीक्षा कोरड्या हाताने कशी घेणार? मग जवळच्या मुरबे या कोळी गावाहून बोंबील यायचे, घमेल्यातल्या खाऱ्या पाण्यात पडायचे, आणि तिचे विद्यार्थी त्यात हात बुडवून बटणं दाबायचे; किती वेळ धरायचं ते त्यांना पाठच होतं. गंमत म्हणजे ती स्वतः पक्की शाकाहारी. बोंबिलाला हात लावायची, तोंड नाही. प्रयोग संपला की बोंबील कॉलेजच्या मांजरांना. एकदा आम्ही दोघी तिचा बोंबिलांचा डबा घेऊन रिक्षात बसलो, तर रिक्षावाला बोईसर स्टेशन येईपर्यंत नाक दाबून होता.

"मैडम, मछली पीछे रखो ना."

"मछली नहीं है भैया, प्रयोग है."

"तो प्रयोग पीछे रखो."

मुरब्याला ती सुट्टीच्या दिवशी जायची. कधी नवापूरलाही, पण तिचं खरं ठाणं मुरबे. मीही दोन-तीनदा गेले. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या चौकटींमधून वाट काढत धक्क्यावर पोचायचं, तिथे एक वयस्क तांडेल आमची वाट बघत असे. तो होडी चालवायचा, बटण दाबायचा आणि सारखा बडबडायचा. ही मात्र लवंग धरून गप्प.

"बाय, तुमी बोलत का नाय? रागावल्या काय?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं. तिने मान हलवली.

"मग तोंडात काय हाय?"

मी म्हटलं, "लवंग."

"अरे देवा. दात दुकतो काय?"

झालं. मास्तरीणबाईचा दात कायमचा दुखतो, ही बातमी अख्ख्या मुरब्यात पसरली. पुढच्या वेळी तांडेलाच्या बायकोने कसलासा पाला वाटून आणला. त्यानंतर कुणी बोईसरच्या दाताच्या डॉक्टरचा पत्ता दिला. तिने दर वेळी हात जोडून सगळं घेतलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी तिच्याकडे बघत बघत बटण दाबलं असतं, म्हणायची.

मुरब्याच्या होड्यांवरच्या सगळ्यांनी बटण दाबलं. लाटांवर, पावसात, अंधारात, एका हाताने दोर धरून. निरोप दर वेळी गेला.

आणि मग ती मुलाखत आली.

असोसिएटवरून पूर्ण प्राध्यापकपदाच्या बढतीसाठी तिला याआधी दोनदा नाकारलं होतं. कारण एकच, हे संगणकशास्त्र नव्हे. आता तिसरी वेळ. आमच्या संस्थेच्या सचिवांना तिच्या प्रयोगशाळेची खोली हवी होती. तिथे नवीन झगमगीत लॅब काढून दारावर उद्घाटनाची पाटी लावायची होती. त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "मॅडम, या वेळी झालं तर खोली तुमची. नाही झालं तर घमेली उचला." खोली गेली असती तर प्रयोग, विद्यार्थी, मुरब्याचं काम, सगळंच गेलं असतं.

बाहेरचे तज्ज्ञ म्हणून पुण्याहून एक ज्येष्ठ प्राध्यापक आले होते. पांढरा सदरा, करड्या मिशा, विषयात मोठं नाव. टेबलाशी ते, आमचे प्राचार्य आणि सचिव. मला तिने प्रयोगासाठी बोलावलं होतं. दाराजवळच्या खुर्चीवर, निरोप ज्या फोनवर यायचा तो फोन मांडीवर घेऊन मी बसले होते. निरोप आला की तो भोंग्यासारखा वाजायचा. मी तो नीट तपासून घेतला होता, तुम्ही मला ओळखता.

तिने टेबलावर घमेलं ठेवलं.

"हे काय आहे?" तज्ज्ञांनी विचारलं.

"बोंबिलाचं पाणी, सर. हात बुडवून हे बटण दाबायचं."

त्यांनी खुर्ची मागे ओढली. "मी शुद्ध शाकाहारी आहे."

"मीही," ती म्हणाली आणि पिशवीतून दुसरं घमेलं काढलं. "म्हणून तुमच्यासाठी भेंडीचं आणलं आहे. चिरून, मीठ घालून भिजवली आहे. बुळबुळीतपणा जवळजवळ तोच येतो, मी पडताळून बघितलं आहे."

सचिवांनी कपाळाला हात लावला. तज्ज्ञांनी मात्र बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात भेंडीत बुडवले.

तिने लवंग तोंडात टाकली आणि हात मागे घेऊन भिंतीशी उभी राहिली.

त्यांनी फोन उचलला. निसटला. पुन्हा उचलला. कडेचं बटण चाचपडून शोधलं, दाबलं. फोन थरथरला. त्यांनी बोट काढलं आणि हसले. "वा! फारच सोपं. गेला निरोप."

प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. सचिवांनी घड्याळ बघितलं आणि मग तेही टाळ्या वाजवू लागले. माझ्या मांडीवरचा फोन गप्प होता.

त्या टाळ्यांमध्ये हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी हळूच नकारार्थी मान हलवली. मुलांनो, त्या घडीला तिला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्याचा सराव तिच्याइतका कुणालाच नव्हता. लवंग तोंडात होतीच.

तिने लवंग काढली.

"सर, निरोप गेला नाही."

टाळ्या थांबल्या. प्राचार्य माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच तो निरोप दाबून बसले आहे.

"पण मी दाबलं की," तज्ज्ञ म्हणाले.

"दाबलंत. बरोबर दाबलंत. थरथरलं म्हणून सोडलंत. कुणीही सोडेल. दुसऱ्या थरथरीपर्यंत धरायला हवं होतं, पण ते तुम्हाला सांगण्याचं काम या बटणाचं होतं. त्याने ते केलं नाही." मग तिने खुर्ची ओढली, कागद-पेन काढलं आणि त्यांच्या समोर बसली. "सर, थरथरलं तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटलं?"

"मॅडम," सचिव म्हणाले, "मुलाखत तुमची आहे."

"हो. एकच मिनिट."

तज्ज्ञांनी ओले हात हवेत धरूनच विचार केला. "वाटलं, काम झालं. फोनने पोच दिली." मग त्यांनी भुवया उंचावल्या. "पण तुमच्या निबंधात तर होडीवर हे एकदाही अडलेलं नाही. तिथे कुणीच बोट कसं काढलं नाही?"

ती उत्तर द्यायला गेली आणि थबकली. तिचा चेहरा बदलत गेलेला मी बघितला.

"होडी थरथरत असते, सर. इंजिनामुळे पायाखालची फळी, हातातला दोर, सगळंच थरथरतं. एवढ्याशा थरथरीकडे तिथे कुणाचं लक्षच जात नाही, ते घट्ट धरून ठेवतात." ती उठून उभी राहिली. "आणि मी दर वेळी इंजिन चालू असताना बटण दाबायला लावलं. पण इंजिन बंद पडलं तरच हे बटण दाबायचं आहे! तेव्हा होडी अगदी या खोलीसारखी शांत असणार. तांडेल तुमच्यासारखंच बोट काढेल. निरोप गेला म्हणून निश्चिंत बसेल आणि वाट बघेल."

मग सचिव म्हणाले, "म्हणजे चालत नाही. तेच तर आम्ही म्हणतो."

ती मात्र हसत होती. लहान मुलीला हरवलेली बाहुली सापडावी तशी.

"तुमचं यंत्र तुमच्याच मुलाखतीत चाललं नाही," तज्ज्ञ म्हणाले, "आणि तुम्ही हसताय?"

"सर, ही चूक या खोलीत सापडली. पाण्यावर सापडली असती तर मला सांगायला कुणी परत आलं नसतं."

आम्हा दोघींना बाहेर जायला सांगितलं. व्हरांड्यात उभं राहून मी तिला म्हटलं, "अगं, काय केलंस हे!" ती कागदावर काहीतरी रेखाटत होती. म्हणाली, "बाई, आधी थरथरायचंच नाही. निरोप गेल्यावरच थरथरायचं. किती सोपं होतं!" खोली जाणार, पद जाणार, याची आठवणही तिला राहिलेली दिसत नव्हती. मला होती. आतून सचिवांचा आवाज चढलेला ऐकू येत होता आणि तज्ज्ञांचा ऐकू येत नव्हता. मी मनात घमेली मोजून कुठे ठेवायची त्याचा विचार करायला लागले होते.

दार उघडलं. तज्ज्ञ एकटेच बाहेर आले. भेंडीचे हात अजून तसेच अंगापासून दूर धरलेले. ते सरळ हात धुण्याच्या जागेकडे गेले आणि त्यांनी नळाला हात घातला. तोच नळ, तीच गोल, गुळगुळीत मूठ. हात घसरला. दुसरा हात लावला, तोही घसरला.

मी पुढे होणार, तोच तिने माझा दंड धरला. मग लवंग तोंडात, हात मागे.

ते मुठीशी झटत राहिले. तळव्याने, मनगटाने, शेवटी कोपराने. मग वळून आमच्याकडे बघितलं. तिचे मागे गुंफलेले हात बघितले, गालातली लवंग बघितली, आणि खो-खो हसायला लागले.

"मॅडम, आत सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. तुम्ही आता प्राध्यापक आहात. आता तरी सांगा, हा नळ उघडतो कसा?"

तिने लवंग काढली. "सर, तो कुणाकडूनच उघडत नाही," ती म्हणाली, आणि ओढणीच्या टोकाने मूठ फिरवून तिने त्यांच्या हातावर पाणी सोडलं.

तो नळ त्याच महिन्यात बदलला. खोली अजून तिचीच आहे, वासासकट. नव्या बटणाची परीक्षा मुरब्याच्या खाडीत इंजिन बंद करून घेतली तेव्हा मी होडीत होते. तांडेल म्हणाला, "हे बरा हाय बाय, डिजल पन वाचला. आनि दात कसा हाय?" तिने हात जोडले आणि बोटाने बटण दाखवलं. त्याने दाबून धरलं. फोन अजिबात हलला नाही, तोही हलला नाही. मग फोन थरथरला, त्याने बोट काढलं, आणि माझ्या मांडीवरचा भोंगा इतक्या जोरात वाजला की धक्क्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

तर थोरले, तुझा विषय हा असा आहे. कळतं मला.

रविवारी मी फोन लावते आणि पडदा काळा होतो, तेव्हा तुम्ही सगळे एकदम ओरडता, "आजी, खालचं! आजी, ते लाल नको! आजी, उजवीकडचं!" तुमच्या ओरडण्याने मला बटण सापडतं, पण पुढच्या रविवारी पुन्हा हरवतं. परवा पार्सल टाकलं आहे. त्यात गोडा मसाला आहे, चिक्की आहे, आणि एका कोपऱ्यात लवंगांची वेगळी पुडी आहे. ती स्वयंपाकासाठी नाही.